पावसाआडची माती

येळसे, पवनानगर, आंबी, नवलाख उंब्रे. मावळातल्या या गावांत पॉलिहाउसमधल्या लाल गुलाबाचे वाण विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येते: टॉप सीक्रेट. दहा गुंठ्यांच्या शेडमध्ये साधारण सहा-सात हजार झाडे असतात आणि आनुवंशिकतेच्या हिशेबाने ती सगळी मिळून एकच झाड असते. कधीकाळी पैदासकाराने निवडलेल्या एका रोपाचे डोळे काढले गेले, ते खुंटांवर भरले गेले, त्या रोपांचे पुन्हा डोळे काढले गेले. जमिनीखाली नटाल ब्रायरसारख्या काटक गुलाबाचा खुंट, वर हे वाण. बी मध्ये कुठेच येत नाही, म्हणून गुणांची सरमिसळही होत नाही. शास्त्रज्ञ ज्याला क्लोन म्हणतात ते हेच आपले कलम.

मग शेजारशेजारच्या दोन शेडमध्ये एकीकडे दांडा साठ सेंटिमीटर भरतो आणि दुसरीकडे चाळिसावरच थांबतो, असे का व्हावे? निर्यातीचा भाव दांड्याच्या लांबीवर ठरतो, तेव्हा प्रश्न पैशाचा आहे. झाड एक, प्लास्टिकचा कागद एक, पाणी एकच, ठिबकच्या टाकीत मिसळायची खतेही बहुधा एकाच दुकानातली. उरते मालकाचे लक्ष आणि बेडमधली माती. लक्षाबद्दल पुस्तकात लिहून फारसा उपयोग नसतो. मातीबद्दल मात्र लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, कारण ही माती निसर्गाने तिथे ठेवलेली नसते. ती विकत आणून, मिसळून, रचून तयार केलेली असते.

मोशी-चाकणच्या बाजूला काळी माती आणि पश्चिमेला मावळातल्या डोंगरांवर तांबडी. दोन्ही एकाच बेसाल्ट खडकाच्या लेकी. फरक केला तो पावसाने. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला येता येता तो झपाट्याने ओसरतो. जिथे पाऊस कमी, तिथे खडक झिजून फुगणारी-आकसणारी चिकण निपजली. तीच उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पायाला चिकटते. जिथे पाऊस हजारो वर्षे धो धो कोसळला, तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका वाहून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले, माती तांबडी झाली आणि थोडी आंबटही. गुलाबाला ५.५ ते ६.५ सामू मानवतो आणि पाणी मुळाशी तुंबलेले अजिबात खपत नाही, म्हणून पॉलिहाउसवाले तांबडी माती ट्रकने आणतात. हजारो वर्षांच्या पावसाने घडवलेली माती आणायची आणि पुढची पाच-सहा वर्षे तिच्यावर पावसाचा थेंबही पडू द्यायचा नाही, असा हा सगळा खटाटोप आहे.

बेड भरण्याचे सर्वसाधारण प्रमाण असे: सत्तर टक्के तांबडी माती, वीस टक्के चांगले कुजलेले शेणखत, दहा टक्के भाताचे तूस. बेड दीड फूट उंच, वर तीन फूट रुंद, दोन बेडच्या मधे दीड फुटाची गल्ली. तूस मावळात शोधावे लागत नाही. हा भाताचा मुलूख आहे. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातूनच १९८७ साली बाहेर पडले आणि इथल्या भातगिरण्यांच्या मागे तुसाचे ढीग पडलेले असतात. तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे ते सहजासहजी कुजत नाही आणि मातीचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. खतमूल्य जवळपास शून्य. त्याचे काम एवढेच की मुळांसाठी हवेची जागा राखून ठेवायची. नवखे बागायतदार खर्च वाचवायचा तर नेमके तूस कमी करतात. पहिले वर्ष काही कळत नाही. दुसऱ्या वर्षी बेड बसतो, त्यावरून माणसांची ये-जा न होताही वीट झाल्यासारखा कडक होतो, आणि ठिबकचे पाणी आत जिरायच्या ऐवजी कडेने गल्लीत उतरू लागते.

छताखालच्या मातीचा खरा शत्रू मात्र वेगळा आहे. हिशेब करून पाहू. एका गुलाबाला दिवसाला साधारण एक लिटर पाणी धरू. त्यात खते मिसळल्यावर त्याची ईसी, म्हणजे क्षार मोजण्याची विद्युतवाहकता, दीडच्या आसपास येते. अशा एका लिटरमध्ये सुमारे एक ग्रॅम विरघळलेले क्षार असतात. वर्षाचे झाले साडेतीनशे ग्रॅम, आणि चौरस मीटरमध्ये सात झाडे असली तर अडीच किलो. यातला मोठा भाग झाड खाते, त्यासाठीच तो दिलेला असतो. जे झाडाला नको असते ते सोडियम, क्लोराइड आणि जादा सल्फेट मात्र बेडमध्येच राहते. उघड्या शेतात जून आला की हे देणे आपोआप फिटते. पॉलिहाउसमध्ये जून येत नाही. बेडच्या कडेला, ठिबकचा ओलावा जिथे संपतो तिथे, पांढरी बारीक पूड दिसू लागली की समजावे, तीन-चार महिन्यांपूर्वीच काहीतरी करायला हवे होते. पानांच्या कडा करपतात, नवी मुळे टोकाशी तपकिरी होतात, आणि बागायतदार बिचारा झाड भुकेले आहे असे समजून आणखी खत सोडतो.

या मातीत जिवंतपणा आणणारी गोष्ट एकच, कुजलेले सेंद्रिय खत. ते कसे कुजवावे याचा आधुनिक शास्त्रातला पहिला नेटका पाठ आपल्या जवळच, इंदूरला लिहिला गेला. होळकरांच्या संस्थानातल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते तीन वेळा वरखाली करून, साधारण तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१च्या त्यांच्या पुस्तकावर दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. रसायनविभागाचा भार वाडांवर होता. जगभरच्या सेंद्रिय चळवळीने हॉवर्डना गुरू मानले आणि वाडांना विसरून टाकले. मराठी पुस्तकांनी तरी त्यांचे नाव हॉवर्डच्या शेजारी लिहावे.

ढीग रचला की दोन-चार दिवसांत तो तापतो. कार्बन आणि नत्राचे प्रमाण तीसास एकच्या आसपास असेल, ओल पिळलेल्या फडक्याइतकी असेल, तर आतले तापमान पंचावन्न ते पासष्ट अंशांवर जाते. हात घातला तर क्षणभरही ठेववत नाही. तणाचे बी, हुमणीची अंडी, बहुतेक रोगकारक बुरशा यातच मरतात. ताप ओसरू लागला की ढिगाच्या आत, वितीभर खोलीवर, राखाडी-पांढरी भुकटी पसरलेली दिसते. पुष्कळ जण ती बुरशी समजून घाबरतात. ते अॅक्टिनोमायसीट नावाचे जिवाणू असतात. पहिल्या पावसाचा वास म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तो यांच्यातल्याच स्ट्रेप्टोमायसिस कुळाने बनवलेल्या रसायनाचा. छताखालच्या मातीला पाऊस नाही, पण चांगले खत घातले तर वास तोच येतो.

या कुळाशी पिंपरीचे नाते जुने आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले, हे सर्वांना ठाऊक असते. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार मातीतले सूक्ष्मजीव धुंडाळत होते. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका स्ट्रेप्टोमायसिसला त्यांनी ‘पिंप्रिना’ असे जातिनाम दिले आणि त्याच्यापासून बुरशीवरचे औषध मिळाले, हॅमायसिन. शहराच्या नावाचा जिवाणू असण्याचा मान फार थोड्या गावांना मिळतो, आणि पिंपरीच्या मोटारींची, स्कूटरींची वर्णने करताना आपण तो सांगायला विसरतो. मुद्दा असा की मातीतले हे जीव एकमेकांवर सतत रसायने सोडत असतात. मुळे कुजवणाऱ्या पिथियम, फायटोफ्थोरासारख्या जीवांना ते अन्नही मिळू देत नाहीत. अमेरिकेत ओहायोतल्या हॅरी हॉइटिंक यांनी १९७०च्या दशकात हे रोपवाटिकांच्या कुंड्यांत दाखवून दिले: कुजवलेली झाडाची साल मिसळलेल्या मिश्रणात मूळकूज कमी होत होती.

याच्या उलट टोकाचा विचार इंग्लंडमध्ये झाला होता. जॉन इनिस संस्थेत रोपे सतत मरत होती, म्हणून १९३०च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी माती वाफेने निर्जंतुक करून सात भाग माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू असे मिश्रण बसवले. आपल्याकडे वाफेऐवजी फॉर्मेलिन आले. बेडवर ओतायचे, कागदाने झाकायचे, काही दिवसांनी भरपूर पाण्याने धुवायचे. यात सगळेच मरते, आणि रिकाम्या झालेल्या मातीत सर्वांत आधी परत येतो तो बहुधा फ्युजेरियम. म्हणून निर्जंतुक केलेल्या मातीत लगेच ट्रायकोडर्मा आणि चांगले खत मिसळायचे, ही रीत नंतर शिकावी लागली.

‘चांगले कुजलेले’ हे शब्द सगळ्या पत्रकांत असतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. उकिरड्यावरून उचललेले शेणखत वरून काळे दिसते, आत मात्र अर्धेकच्चे असते. ते बेडमध्ये कुजू लागले की सूक्ष्मजीव मातीतला नत्र स्वतःकडे ओढतात, पाने पिवळी पडतात. शिवाय त्यातून हुमणीच्या अळ्या फुकट येतात. मुळे कुरतडली जाऊन झाड उभ्या उभ्या माना टाकते. तपासणी सोपी आहे. मूठभर खत ओले करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवायचे. उघडल्यावर मातीचा वास आला तर खत तयार. अमोनियाचा झोंबणारा किंवा गटारासारखा वास आला तर अजून महिनाभर ढिगात. पेंढी-काडी ओळखू येत असेल, तर विकणारा काहीही म्हणो, घेऊ नये.

खत कितीही उत्तम असले तरी मुळे फुटण्याआधी ते कलमाला द्यायचे नसते. छाट कलमाला मुळे नसतात, म्हणजे ते फारसे पीत नाही आणि खातही नाही. जे काही आहे ते काडीत साठवलेले. बुंध्याशी इंडोल ब्युटिरिक आम्लाचे द्रावण लावतात. १९३५च्या सुमाराला अमेरिकेत या द्रव्याचा मुळे फुटण्यावरचा परिणाम कळला आणि आजवर त्याहून सरस सर्वसाधारण उपाय सापडलेला नाही. मग आधी गाठ येते, तिच्या आसपासच्या सालीखालच्या पेशी विभागू लागतात, आणि काही आठवड्यांत पांढरी मुळे बाहेर डोकावतात. या काळात भोवतीचे माध्यम जवळजवळ उपाशी असावे लागते. क्षार जास्त असले तर ते काडीतलेच पाणी ओढून घेतात. म्हणून ट्रेमध्ये कोकोपीट भरतात, आणि तेही धुतलेले. समुद्रकाठच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम चिकटून असते, ते कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्याने हुसकावून लावावे लागते. मुळे ट्रेच्या तळाशी दिसली, की मग खतमातीचा बेड. गुलाब लावताना डोळ्याचा सांधा मातीच्या वर दोन-तीन इंच राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटतात आणि खुंटाचे पैसे वाया जातात.

वाकड, रावेत, मोशीतल्या बाल्कन्यांत कलमे मरतात ती बहुधा क्षारांच्या याच त्रासाने. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असा पिंपरी-चिंचवड महापालिकेचा आग्रह आहे, त्यामुळे सोसायटीचे खत भरपूर मिळते आणि लोक हौसेने कुंडीत निम्मे तेच भरतात. स्वयंपाकघराच्या कचऱ्यात मीठ असते. शहरी खताला सरकारी खत नियंत्रण आदेशानुसार ईसी चारपर्यंत चालते. कलमाला एकच्या वर नको. शेतात पसरायला जे ठीक, ते कुंडीत जहाल. शिवाय कुंडीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो. छिद्र असले तरीही. ओला स्पंज आडवा धरून गळू द्यावा आणि गळणे थांबल्यावर तोच उभा करावा. आणखी पाणी गळते. मातीचा थर जितका उथळ, तितकी ओल तळाशी जास्त थांबते. शेतातली काळी माती कुंडीत का गुदमरते, ते यावरून कळावे. कुंडीत खत पाचवा हिस्सा पुरे, आणि तूस किंवा भरड कोकोपीट सढळ हाताने.

सगळीकडे एकच झाड लावण्यात जोखीमही एकच असते. डाळिंबाने महाराष्ट्राला हे शिकवले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भगवा गुटी कलमाने झपाट्याने पसरला, आणि रोगट बागांतून काढलेल्या गुट्यांबरोबर तेल्याचा जिवाणूही गावोगाव पोचला. तेल्यावर वर्षानुवर्षे फवारले गेले ते स्ट्रेप्टोसायक्लिन, पिंपरीच्याच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे. शेतीत प्रतिजैविके अशी वापरणे आता जगभर वादाचे झाले आहे, आणि तो वाद रास्त आहे. रोगमुक्त मातृवृक्ष ठेवण्याचा खर्च वाचवायचा आणि नंतर तो औषधात घालायचा, असा हा व्यवहार होता.

कलम, छत आणि खतमाती हे त्रिकूट आज जगात सर्वांत जास्त चर्चेत आहे ते गुलाबामुळे नव्हे, गांजामुळे. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याला कायद्याने मोकळीक दिली. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्याशिवाय एक झाड लावणेही गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. औद्योगिक भांगेला उत्तराखंडासारखे एखादे राज्य परवाने देते तेवढेच. पूर्वी असे नव्हते. १८९३-९४च्या ब्रिटिश आयोगाने या पिकावर सात खंडांचा अहवाल काढला. त्यात बंगालमधल्या पोद्दारांची हकिगत आहे: शेतातून फिरत फुले येण्याआधीच नर झाडे ओळखून उपटणारी ही पारखी माणसे, कारण एखादा नर राहिला तरी सगळ्या माद्या बियांनी भरत. मादीचे कलम मादीच असते, म्हणून आजच्या परदेशी बंदिस्त बागांना पोद्दार लागत नाही. पण डाळिंबाचा धडा त्यांनाही चुकला नाही. हॉप या वनस्पतीतला एक विषाणूहूनही लहान संसर्गकारक, व्हायरॉइड, कलमांबरोबर त्यांच्या झाडांत शिरल्याचे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात उघड झाले. आणि छत अपारदर्शक असले की सूर्याचेही बिल येते. इव्हन मिल्स यांनी २०१२ साली मांडलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का अशा घरातल्या लागवडीवर खर्च होत होता. मावळात दोनशे मायक्रॉनच्या कागदातून ऊन फुकट येते, ही काही लहान बचत नव्हे.

केवळ खतावर गुलाब घेता येईल का, असे सेंद्रियवाले विचारतात. वर्षभर, सावकाश, कदाचित येईल. पण मावळचे अर्थकारण चौदा फेब्रुवारीला बांधलेले आहे. डिसेंबरात फांद्यांचे बेंडिंग आणि कटिंग करून सगळी झाडे एकदम फुटायला लावतात आणि जानेवारीच्या अखेरीपासून दहा-बारा दिवसांत निर्यातीचा माल उचलतात. त्याच आठवड्यांत रात्री थंड असतात, बेड गार पडतो, आणि खतातला नत्र मोकळा करणारे जीव मंदावतात. झाडाची भूक सर्वांत मोठी आणि मातीचा स्वयंपाक सर्वांत संथ, अशी गाठ पडते. तेव्हा ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडावेच लागते, आणि त्यात कमीपणा मानायचे कारण नाही. खताने राखलेली भुसभुशीत माती असेल तर ते सोडलेले मुळांपर्यंत पोचते, एवढेच.

पाच-सहा वर्षांनी झाडे काढतात. बेड फोडून माती मोकळी करायची, नवे तूस आणि खत मिसळायचे, ईसी तपासायची. कागदही तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो. ज्याची दोन्ही कामे एकाच वर्षी येतात त्याने झाडे मेअखेर उपटावीत, जुना कागद जूनमध्ये उतरवावा आणि नवा सप्टेंबरात चढवावा. तीन महिन्यांच्या पावसाने क्षार जितके धुऊन जातात, तितके ठिबक लावून धुवायला पाण्याचे आणि विजेचे बिल परवडत नाही. मधल्या काळात बेडच्या कडा ढासळू नयेत म्हणून ताग पेरून ठेवावा, आणि फुलावर यायच्या आत तो तिथेच गाडावा.